एका हंड्याची दारू

बसंतीबाई टेकामच्या अंगणात कुणी गेलं की ती आधी विचारते, "काय काम हाय?" काम सांगितलं की बहुतेक वेळा "नाई" म्हणते. पाणी विचारत नाही, बस म्हणत नाही. साठी ओलांडलेली, अंगानं वाळलेली, पण आवाज असा की पलीकडच्या घरातली बाई हातातलं काम थांबवून ऐकत राहते. सावरगुड्यात तिच्याशी गोड बोलणारं कुणी उरलेलं नाही. हा तिचा जन्माचा स्वभाव नव्हे. तो बारा वर्षांपासूनचा आहे.

सावरगुडा म्हणजे पांढरकवड्यापासून दहाएक किलोमीटरवरची, जंगलाच्या कडेची, गोंडांची चाळीस घरं. बसंतीबाई तिथं मोहाची दारू काढायची. एका वेळी एकच हंडा. फुलं स्वतः वेचायची, एकेका फुलातला केसर काढून टाकायची, आणि फुलं भिजवून आंबवलेला सडवा तयार झाला की नाही ते मडक्याला कान लावून ठरवायची. आतला बुडबुड आवाज मंदावला की चूल पेटवायची. एका हंड्याला सात बाटल्या, फार तर आठ. पहिली ओंजळभर धार ती देवाच्या नावानं जमिनीवर सोडायची, ती कुणाला पिऊ द्यायची नाही. गावात लग्न असो, मयतीचं जेवण असो की देवाची पूजा, शिंपडायला धार बसंतीबाईच्या हंड्याचीच लागायची. कुणी "हातभट्टी" म्हटलं तर ती उठून यायची. "भट्टी वीट भाजाची असते," म्हणायची.

मग एका उन्हाळ्यात आवई उठली की बसंतीबाई सडव्यात युरिया टाकते, नवसागर टाकते. कुणी म्हणालं, तिच्या घरी युरियाची गोणी पाहिली. गोणी खरंच होती, तिच्यात शेळ्यांचा पाला भरलेला होता. त्याच महिन्यात गावातल्या बायांची दारूबंदी समिती झाली. तिची अध्यक्ष झाली बबिता, बसंतीबाईच्या मुलाची, रवीची, आठ महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली बायको. बबिताच्या माहेरी, आर्णीकडे, दोन काका दारूनं गेले होते. तिनं मागचापुढचा विचार केला नाही. तीस बाया घेऊन ती आपल्याच सासरच्या परसात गेली आणि पहिला दगड तिनंच हंड्यावर घातला.

हंडा फुटल्याचं बसंतीबाईला एवढं लागलं नाही. चार महिन्यांनी गावदेवाची पूजा आली तेव्हा पंचांनी धार दुसऱ्या गावाहून आणली. "तुही धार नको, बसंती. देवाले युरिया कसा द्यावा?" असं तिला सगळ्यांसमोर ऐकवलं. त्या दिवसापासून ती गावच्या पूजेला गेली नाही. पोरं तिला मागून "युरियावाली" म्हणू लागली. सुनेशी तर तिनं बोलणंच टाकलं. एका चुलीवर जेवायच्या, पण बोलायचं ते रवीच्या तोंडून, आणि रवी ट्रकवर हैदराबादला गेला की घरात आठ-आठ दिवस शब्द नसायचा.

गावातली पिणारी माणसं दारू प्यायची थांबली नाहीत. ती हायवेच्या फाट्यावर, पुंडलिकराव गावंड्यांच्या देशी दारूच्या दुकानात जाऊ लागली.

गेल्या मार्चात पुंडलिकरावांचा मुलगा अतुल तिच्या अंगणात आला. आठ वर्षं अमेरिकेत नोकरी करून परतलेला. हातात खोक्यात चार बाटल्या.

"काय काम हाय?"

"मावशी, मी अतुल. फाट्यावरच्या पुंडलिकरावांचा..."

"तोंडावरूनच समजलं. काम सांग."

अतुलला मोहाची दारू बाटलीत भरून मोठ्या शहरांत विकायची होती. परवाने, कारखाना, सगळं तो बघणार होता. त्याला हवी होती ती दारू काढायची रीत, आणि रीत बसंतीबाईकडे आहे असं त्याला तीन गावांत सांगितलं गेलं होतं. त्यानं चार पेले बाजेवर मांडले.

"आधी तुम्ही जगातली दारू चाखून बघा. मग तुम्हालाच कळेल, आपल्या मोहाची किंमत काय आहे."

"मले कायले कळाव लागते? मले ठाऊक हाय."

तरी तिनं पहिला पेला उचलला. दारूची तिला पारख होती, आणि पारख असलेल्या माणसाला पुढ्यात आलेली वस्तू नाकारता येत नाही. तिनं प्यायच्या आधी दोन थेंब तळहातावर घेऊन चोळले आणि वास घेतला.

"ह्याले कायचा धूर लागला?"

"ही स्कॉच. स्कॉटलंडची. जवाची असते. तिकडं दलदलीची वाळवलेली माती जाळतात, तिच्या धुरावर जव सुकवतात."

"मातीचा धूर." तिनं तोंड वाकडं केलं. "दवाखान्यासारखा वास मारून राह्यला."

दुसरा पेला राय या धान्याच्या दारूचा होता. तो तिला जिभेवर मिरी ठेवल्यासारखा लागला, पण थुंकली नाही. "हे खरं बोलते," एवढंच म्हणाली. तिसरी आपल्याकडची, दुकानात मिळणारी साधी व्हिस्की. तिचा वास घेऊनच पेला परत ठेवला.

"हे उसाच्या मळीचं. रंग घालून बसवलं. तुया बापाच्या दुकानातही मळीचंच असते ना?"

अतुल हसला. चौथी बाटली त्यानं दोन्ही हातांनी काढली. "ही बघा. बर्बन. अमेरिकेची. निम्म्याहून जास्त मका असतो. आणि ही साधी बर्बन नाही, स्मॉल बॅच आहे. म्हणजे थोडी थोडी, निवडून केलेली."

बसंतीबाईनं हीही तळहातावर घेतली. मग एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात ठेवला.

"गोड हाय," ती म्हणाली. "पण हे गोड मक्याचं नाई. लाकडाचं हाय. जळलेलं लाकूड."

अतुल पुढं सरकला. "बरोबर! ओकच्या नव्या पिंपाला आतून आग लावतात, कोळसा करतात, त्यात वर्षानुवर्षं ठेवतात. रंग आणि गोडी तिथून येते. पिंप मात्र एकदाच वापरायचं. मग ती रिकामी पिंपं स्कॉटलंडवाले घेऊन जातात."

"म्हंजे त्याईचं उष्टं पिंप हे वापरतात?"

"तसं म्हणा."

"आन् मका कुठं गेला? मक्याची चव काहून नाई? एवढं केलं तर मग लाकूडच चाटाव." तिनं पेला ठेवला. "थोडी थोडी म्हंते तू. थोडी म्हंजे किती?"

"त्याचा तसा नियम नाही. कुणी वीस पिंपं एकत्र करतं, कुणी दोनशे."

"दोनशे पिंपं!" ती पहिल्यांदा हसली, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. "माह्या हंड्यातून सात बाटल्या निघत. त्याले आमच्याकडं कोणी नाव नाई ठेवलं. तुमी दोनशे पिंपं करून त्याले थोडं म्हंता. आन् हे मले शिकवाले आला."

अतुलला राग आला असावा, पण तो शहाणा होता. त्यानं बाटल्यांची बुचं लावली. शेवटी म्हणाला, "एक हंडा काढून दाखवा, मावशी. फक्त एक."

बसंतीबाईनं पेले बाजूला सारले. "काढतो. पण पहिला पेला तुया बापानं इथं, माह्या अंगणात येऊन प्याचा. सगळ्याईच्या समोर."

"बाबांनीच का?"

"त्याले विचार."

अतुलनं घरी विचारलं. पुंडलिकराव म्हणाले, "म्हातारीचं डोकं फिरलं आहे, पण एका पेल्यानं काम होत असेल तर येतो." बापाला मुलाच्या कारखान्यात भागीदारी हवी होती.

आठ दिवसांनी सकाळी अंगणात नव्या हंड्याखाली चूल पेटली. बारा वर्षांनी. वास गावभर गेला आणि बाया कुंपणापाशी जमल्या. बबिता अंगणवाडीतलं काम टाकून धावत आली. रवी ट्रकवर होता. नवऱ्याच्या तोंडून बोलायची सोय नव्हती, म्हणून ती चुलीकडं बघून ओरडली, "हे बंद झालं नाई तर मी पोलिसले फोन करीन. घरची असो की दारची."

चुलीकडं बघतच बसंतीबाई म्हणाली, "करा म्हनाव. बारा वर्षं काय केलं दुसरं?"

तेवढ्यात पुंडलिकरावांची गाडी आली. सत्तरीचे, पांढरे कपडे, काठी. बाजेवर बसले. अतुलनं एका पेल्यात आपली बर्बन ओतली आणि दुसऱ्यात हंड्याची कोमट धार. "बाबा, दोन्ही घ्या आणि खरं सांगा."

पुंडलिकरावांनी तीस वर्षं दारू विकली होती. बर्बनचा घोट घेऊन ते म्हणाले, "गुळमट आहे. बायकांना आवडेल." मग मोहाची घेतली. डोळे बारीक झाले. दुसरा घोट घेतला, पेला रिकामा केला आणि त्यांच्याही नकळत बोलून गेले, "अजून तशीच आहे. बिलकूल तशीच."

"तशीच म्हंजे कशी?" बसंतीबाई उभी राहिली. "युरियाची?"

"जाऊ द्या ना आता, बसंतीबाई. जुनी गोष्ट."

"तुमी माही दारू तवा कधी पेली होती, पाटील? आन् चांगली लागली होती, तर मग गोणीची गोष्ट गावात कोणी सोडली?"

पुंडलिकराव हसले. त्यांना वाटलं असावं की आता मुलाचा धंदा हिच्यासोबतच होणार आहे, लपवायचं काय. "धंद्यात चालते असं. माझं दुकान बसलं होतं. तुमच्या गावचा एकही माणूस फाट्यावर येत नव्हता. या बायांच्या समितीलेही काही तरी कारण पाह्यजे होतं ना. नुसती दारू वाईट म्हटलं तर कोणी उठलं असतं का?"

बबिता पुढं आली.

"म्हंजे युरिया नव्हता?"

"अगं, कुठला युरिया! ती बाई फुलातला केसर काढून टाकते, ती युरिया टाकेल?"

आपण काय करतो आहोत ते बबिताला तरी कळलं की नाही कोण जाणे. तिनं चुलीपाशी जाऊन पदरानं हंडा धरला आणि उलटा केला. उरलेला सगळा सडवा निखाऱ्यांवर फसफसला, वाफ उठली. बाया मागं सरकल्या. काढलेल्या तीन बाटल्याही तिनं तिथंच ओतल्या.

बसंतीबाईच्या हातात ढवळायचं लाकूड होतं. तिनं ते उगारलं. क्षणभर सगळ्यांना वाटलं, हाणते आता. पण ती वळली, बाजेवरची बर्बनची बाटली उचलली आणि त्याच राखेत उपडी केली.

"मावशी!" अतुल ओरडला. "ती इथं मिळत नाही! चार जणांना दाखवायची होती!"

"माही गेली तं हिनं काहून राहाव?" बसंतीबाई म्हणाली, आणि बाटली शेवटच्या थेंबापर्यंत झटकली.

मग बबिता पुंडलिकरावांसमोर उभी राहिली. "दारू मी ओतली, उद्याही ओतीन. दारू वाईटच हाय. पण तुमी माह्या हातानं खोटा दगड मारवला. उठा इथून. गाडी काढा."

"तू मला उठवणार?"

"उठा!" हे बसंतीबाई म्हणाली. बाया कुंपणाच्या आत आल्या. पुंडलिकराव काठी शोधत उठले. अतुलनं पेले तसेच सोडले.

ते गेल्यावर बबिता सासूकडं बघून म्हणाली, "आत्याबाई, मले माहीत नव्हतं."

"विचारलं असतं तं समजलं असतं," बसंतीबाई म्हणाली. "गोणीत हात घालून पाह्यलं असतं तरी समजलं असतं. घरातच होती." आणि आत निघून गेली.

यानंतर दोघी गळ्यात पडल्या असं कुणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. बबितानं मात्र पुढच्या ग्रामसभेत उभं राहून सगळं सांगितलं आणि ते रजिस्टरमध्ये लिहून घ्यायला लावलं. सरपंच का-कू करत होते, पुंडलिकरावांचं नाव कागदावर नको म्हणत होते. बबिता म्हणाली, "समितीची चूक म्हणून माहं नाव लिहा पहिले, मग त्याईचं." लिहिलं गेलं. बसंतीबाईला वाचता येत नाही. तिनं ते ग्रामसेवकाकडून तीनदा वाचून घेतलं आणि तिसऱ्यांदा त्याला थांबवलं.

"बसंताबाई लिहिलं. माहं नाव बसंती हाय. खोडा."

ग्रामसेवकानं खोडून पुन्हा लिहिलं.

पंच त्यानंतर तिच्या घरी आले. या वर्षीच्या पूजेला धार तुझीच, म्हणाले. समितीची एवढ्यापुरती हरकत नव्हती, हे बबितानंच त्यांना सांगितलं होतं. बसंतीबाईनं त्यांना बस म्हटलं नाही. "बारा वर्षं देवाले बाहेरची चालली," ती म्हणाली, "आताही चालन." पंच दोनदा आले, दोनदा परत गेले.

अतुलनं कारखान्याचा बेत सोडला नाही. तो म्हणे दुसऱ्या जिल्ह्यात कुणाकडून तरी रीत शिकतो आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी पुंडलिकरावांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांनी निरोप पाठवला की बसंतीबाईनं एकदा येऊन जावं, दोन शब्द बोलायचे आहेत. निरोप घेऊन आलेला माणूस अंगणात उभा होता.

"मी कायले जाऊ?" ती म्हणाली. "बोलाचं असन तं ग्रामसभेत येऊन बोलाव. चालता येत नसन तं खुर्चीत बसून या म्हना."

माणूस गेला. तिनं सूप घेतलं आणि वाळलेली तूर पाखडायला बसली.