गुरुवारी वाचनालय बंद होतं

आधीच सांगते, मी घाबरणारी बाई नाही. लग्न होऊन या गावात आले तेव्हा विहिरीवरच्या चिंचेखाली बसू नको म्हणून मला चार जणींनी बजावलं होतं. मी त्याच चिंचेखाली सहा महिने बसून ग्रंथालय प्रमाणपत्राचा अभ्यास केला आणि फर्स्ट क्लासमध्ये पास झाले. कोणी भुताखेतांचं काही सांगायला लागलं की मी एकच विचारते — तुम्ही स्वतः पाहिलंत का? मग समोरचा म्हणतो, नाही, आमच्या मेहुण्यांनी... झालं, विषय संपला. त्यामुळे आज मीच असलं काहीतरी लिहायला बसलेय म्हटल्यावर घरात हसू झालंय. हसू देत. यात कोणाचा मेहुणा नाही. हे माझ्याच बाबतीत घडलं, आणि गंमत अशी की ते घडलं तेव्हा मी तिथे नव्हते.

मुरबाडहून म्हशाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत तीन किलोमीटरवर आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यात एका बाईच्या शेताचा विषय आहे आणि तिची माणसं अजून त्याच आळीत राहतात. गावात सार्वजनिक वाचनालय आहे, सरकारी प्रतवारीत सगळ्यात खालचं, 'ड' वर्ग. जुन्या ग्रामपंचायतीच्या दोन खोल्या, पुढे लांब ओटा, रस्त्याच्या बाजूला एक दार आणि एक गजांची खिडकी. ग्रंथपाल मी, शिपाई मी, झाडू मारणारी पण मीच. किल्ल्या दोन. एक माझ्या पर्समध्ये, दुसरी अध्यक्षांकडे.

वाचनालय म्हटलं की लोकांना चार कपाटं आणि धूळ आठवते. आमच्याकडे तसं नाही हं. शनिवारी मुलांना गोष्टी असतात, महिन्यातून एकदा बायकांचे फॉर्म भरून देते, आणि रोज सकाळी साडेनऊला बातम्यांचं वाचन. हे माझं सगळ्यात लाडकं काम. दारात खुर्ची टाकायची, पेपर उघडायचा आणि मोठ्याने वाचायचं. ओट्यावर आठ-दहा माणसं असतात. कोणाला अक्षरओळख नाही, कोणाला मोतीबिंदू, कोणाला नुसतंच ऐकत बसायला आवडतं. बारकूतात्या कसाऱ्याला रेल्वेत गँगमन होते, त्यांना लोकल किती लेट धावल्या ते पहिलं हवं. बायकांना हवामान आणि निधनवार्ता. सहा वर्षं झाली, हे वाचन आम्ही एकदाही चुकवलं नव्हतं.

खिडकीखालची जागा काशीआत्याची. सत्तरी उलटलेली, अंगाने काटक. ही या गावची लेक. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, माहेरी आली ती कायमची, म्हणून लहानथोर सगळ्यांची आत्या. ओढ्याकाठचं भाताचं एक शेत तिच्या बापाने मरताना तिच्या हवाली केलं, तेव्हापासून ती ते एकटी कसतेय. पण हवाली केलं ते तोंडी. सातबाऱ्यावर नाव भावाचं, भाऊ गेल्यावर भाच्याचं. आपल्याच माणसांकडे कागद काय मागायचा, असं तिचं म्हणणं. ते एक शेत सोडलं तर तिचं म्हणावं असं जगात काही नाही.

तर गेल्या वर्षी भातझोडणीच्या दिवसांत शहापूरला ग्रंथपालांची एक दिवसाची कार्यशाळा होती, गुरुवारी. शहापूर आणि मुरबाड दोन्ही तालुक्यांतले ग्रंथपाल येणार होते, आणि आमच्या बातम्यांच्या वाचनावर मला दहा मिनिटं बोलायचं होतं. मी इतकी हुरळले होते ना... बुधवारी संध्याकाळी बाहेरच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'गुरुवारी वाचनालय बंद राहील', खाली दोन रेघा मारल्या, कुलूप लावलं आणि घरी गेले. लिहिलं कोणासाठी? ज्यांना वाचता येत नाही म्हणून मी रोज वाचून दाखवते, त्यांच्यासाठी! हा दिव्य शहाणपणा माझ्या लक्षात आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, किन्हवलीला एसटी थांबली तेव्हा. घड्याळात साडेनऊ. म्हटलं, आता माणसं ओट्यावर बसून माझ्या नावाने खडे फोडत असतील. नवऱ्याला फोन केला की जाऊन सांगा. ते खळ्यावर होते, हो हो म्हणाले आणि गेले नाहीत. हा फोन मी मुद्दाम सांगतेय. त्या कॉलचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे — गुरुवार, नऊ बत्तीस.

कार्यशाळा मस्त झाली. माझ्या बोलण्याला टाळ्या पडल्या, ग्रुप फोटोत मी पहिल्या रांगेत आहे. संध्याकाळी सातला घरी आले आणि जेवून झोपले.

शुक्रवारी सव्वानऊला वाचनालयात पोचले तर काशीआत्या ओट्यावर आधीच येऊन बसलेली. डोळे सुजलेले होते. मी कालच्याबद्दल माफी मागायला सुरुवात केली, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

"काल वाचलास तो कागद मला दे गो," ती म्हणाली. "आमच्या शेताचा."

मी म्हटलं, आत्या, काल मी नव्हते. शहापूरला गेले होते, वाचनालय बंद होतं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला फसवतेय. "मस्करी नको करू. या खुर्चीत बसून तू वाचलंस. बाबांचं नाव वाचलंस, संतोषचं वाचलंस. गट नंबर दोनदा वाचलास. चौदा दिवस दिलेत म्हणालीस."

संतोष म्हणजे तिचा भाचा. मला वाटलं, वय झालंय, रात्री काहीतरी स्वप्न पडलं असेल. तिची समजूत काढावी म्हणून कुलूप उघडलं. आमचे पेपरवाले मुरबाडहून मोटारसायकलवर येतात आणि वाचनालय उघडायच्या आधीच गठ्ठा खिडकीच्या गजांतून आत टाकून जातात. गुरुवारचा गठ्ठा खिडकीखाली फरशीवर पडला होता. सुतळी होती तशी, गाठसुद्धा सुटलेली नव्हती. मी आत्याच्या समोर ती कात्रीने कापली.

आता इथे थोडं सांगावं लागेल. आमच्या वर्गाच्या वाचनालयाला ठरावीक वर्तमानपत्रं घ्यावीच लागतात. ती संख्या भरावी म्हणून आमच्याकडे एक छोटंसं जिल्हा दैनिक येतं. गावात ते दुसरं कोणीही घेत नाही. मी ते उघडलं. आठव्या पानावर नुसत्या जाहीर नोटिसा. तिसऱ्या रकान्यात आमच्या गावाचं नाव दिसलं. मौजे अमुक, तालुका मुरबाड, गट नंबर तमुक, ओढ्याकाठची भातजमीन, आत्याच्या वडिलांचं नाव, त्यांचे वारस म्हणून एकट्या संतोषचं नाव. माझे अशील सदर मिळकत विकत घेत आहेत, कोणाचा हक्क किंवा हिस्सा असल्यास चौदा दिवसांत लेखी हरकत कळवावी, नाहीतर कोणाचाही हक्क नाही असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल.

मी तो गट नंबर मोठ्याने वाचला. आत्या म्हणाली, हाच.

खरं सांगू? त्या वेळी मला भीती वाटली नाही. राग आला. आमच्याकडे फार्महाऊसवाल्यांना जमिनी विकायच्या असतात तेव्हा नोटीस द्यावी लागते, आणि ती मुद्दाम अशाच पेपरात देतात जो कोणी उघडत नाही. चौदा दिवस गुपचूप निघून जातात. पुढच्या वर्षी आत्या पेरायला गेली असती आणि तिला तिथे तारेचं कुंपण दिसलं असतं.

तोवर बाकीची माणसं जमली होती. मी प्रत्येकाला बाजूला घेऊन वेगवेगळं विचारलं, पोलीस विचारतात तसं. काल आत्या धरून आठ जण होते. आठही जणांचं एकच म्हणणं — दार उघडं होतं, बाई खुर्चीत बसल्या होत्या, आवाज बाईंचाच. मी विचारलं, माझा चेहरा पाहिलात का? यावर बारकूतात्या म्हणाले की वाचताना तुमच्या तोंडासमोर पेपर असतो, तुमचं तोंड आम्हाला कुठल्या दिवशी दिसतं? मग मी बायकांना साडी विचारली. एकीने जांभळी सांगितली, दुसरीने हिरवी, तिसरी म्हणाली चॉकलेटी, आणि तिघी एकमेकींशी भांडायला लागल्या.

पण एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं, आणि ती माझ्याविरुद्ध तक्रार होती. काल तुम्ही काही धड वाचलंच नाही! लोकल नाही, हवामान नाही, कोण गेलं तेही नाही. नुसत्या नोटिसा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बारकूतात्या तर मधेच उठून गेले होते. "रागावलोच मी," ते म्हणाले. "म्हटलं आज बाईंना झालंय काय."

आता माझी कबुली. नोटिसांचं पान मी कधीच वाचत नसे. सहा वर्षांत एकदाही नाही. गट नंबर, चतुःसीमा, अशील, बोजा... असलं कोण ऐकणार, हे माझं मीच ठरवून टाकलं होतं. कोणाला विचारलंही नव्हतं. ते छोटं दैनिक तर मी न उघडताच रॅकला लावायची.

त्या दिवशी वाचन झालं नाही. मी कुलूप लावलं, आत्याला घेतलं आणि रिक्षाने मुरबाडला एका वकिलांकडे गेले. त्यांनी नोटीस वाचली आणि विचारलं, तुम्ही त्यांची मुलगी आहात याला पुरावा काय? शाळेत आत्या कधी गेली नाही, जन्माची नोंद सापडेना. कागदोपत्री तिचं नाव लागलं होतं ते फक्त नवऱ्याच्या गावी, आणि तिथलं कोणी उरलं नव्हतं. दोन दिवस मी ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडे चकरा मारल्या. आत्या म्हणायची, राहू दे गो, नशिबात नसेल. मी तिच्यावर ओरडले, हो, सत्तर वर्षांच्या बाईवर ओरडले, की नशीब नंतर बघू, आधी तुझी ट्रंक उघड. ट्रंकेत लुगड्यांच्या खाली भावाच्या नावाचं जुनं रेशनकार्ड निघालं. त्यात तिचं नाव होतं आणि नात्याच्या रकान्यात 'बहीण'. जोडीला ओट्यावरच्या सात जणांनी जबाब दिले की ही यांचीच लेक आणि शेत हीच कसते. तात्यांनी सही केली, बाकीच्यांनी अंगठे. सातव्या दिवशी हरकत देऊन पोच घेतली.

घेणारा लगेच मागे सरला. संतोष तावातावाने वाचनालयात आला. आत्याच्या कानात कोणी भरलं म्हणून टेबलावर हात आपटला. "तो पेपर गावात कोण वाचतंय?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

मी म्हटलं, "मी वाचते."

मग माझ्याकडे बघवेना त्याला. निघून गेला. पुढे मंडळ अधिकाऱ्यांसमोर दोन वेळा जावं लागलं, आणि या वर्षी लावणीच्या आधी वारस म्हणून आत्याचं नाव सातबाऱ्यावर लागलं. तो उतारा घेऊन ती ओट्यावर आली आणि आपलं नाव कुठून कुठपर्यंत आहे ते मला बोट ठेवून दाखवायला लावलं. मग तिने त्यावरून स्वतःचं बोट फिरवलं. मला रडू आलं, लपवत नाही.

आता तुम्ही विचाराल ते सगळं मी विचारून बसलेय. दुसरी किल्ली? अध्यक्ष त्या आठवड्यात ठाण्याला मुलीकडे होते, किल्ली त्यांच्या खिशात. मोबाईलवर कोणी माझा आवाज लावला असेल? नोटिसा मी जन्मात वाचल्या नव्हत्या, रेकॉर्ड होणार कुठून? आत्याने घरात काही ऐकलं असेल, असं आमच्या ह्यांचं मत आहे. ठीक. मग बाकी सात जणांनी काय ऐकलं? आणि त्यांनी मला इतर नोटिसाही सांगितल्या होत्या. हरवलेलं शेअर सर्टिफिकेट, खर्डीजवळचा एक प्लॉट, कोणाचंतरी नाव बदललेलं... सगळ्या त्या पानावर होत्या. आणि पेपर सुतळीत बांधलेला होता, ती गाठ मी माझ्या हाताने कापलीय. आत्याला मी एकदा विचारलं, तुला भीती नाही वाटत आता? ती म्हणाली, भ्यायचं कशाला, तू वाचत होतीस, मी ऐकत होते.

उत्तर माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर खुशाल सांगा, मेहुण्यांचं सोडून. चिंचेखाली मी अजूनही बसते. मला बोचते ती गोष्ट वेगळीच आहे. त्या गुरुवारी मी शहापूरला गेले नसते, रोजच्यासारखी खुर्चीत बसले असते, तर मी लोकल वाचल्या असत्या, हवामान वाचलं असतं, आणि तो पेपर तसाच रॅकला लावला असता. आत्याचं शेत माझ्या समोरून गेलं असतं आणि मला कळलंही नसतं. ते तिच्याकडे राहिलं, कारण त्या दिवशी मी आले नव्हते.