पारखीबाईंनी कुटलेला दगड

खाणीच्या प्रयोगशाळेत तिला सगळे पारखीबाई म्हणत. खाणीतून आलेला दगड कुटायचा, भट्टीत भाजायचा आणि त्यात कोणता धातू किती निघाला ते लिहायचं, हे तिचं काम. "दगड फोडायला एवढी शिकलीस होय गं?" असं सासूबाई विचारत. तीही हसून हो म्हणे.

नोकरीच्या चौथ्या वर्षी एक ड्रिलवाला आपल्या शेतात सापडलेला अक्रोडाएवढा दगड घेऊन आला. फिकट पितळी रंग, अंगावर बारीक सरळ रेघा.

"ताई, जरा बघा. वेगळाच वाटतोय."

तिने वरवर पाहिलं. असे चकचकीत दगड आठवड्याला दहा यायचे. सगळे लोखंड आणि गंधकाचे; लोक त्याला खोटं सोनं म्हणतात.

"ठेवून जा," ती म्हणाली.

दुपारी तिने तो लोखंडी खलात टाकला. पहिल्याच घावाला त्याचा भुगा झाला. खोटं सोनं इतकं ठिसूळ नसतं, शिवाय हा हाताला जडही लागला होता. पण आता उशीर झाला होता. थोडी पूड तिने भट्टीत भाजली, तर बशीत सोन्याचे बारीक मणी चमकत होते.

तिने उरलेल्या पुडीतली चिमूटभर संग्रहालयातल्या तज्ज्ञबाईंकडे पाठवली. आठवड्याने त्यांचा फोन आला.

"सोनं आणि टेल्युरियम एकत्र. फार दुर्मिळ! अख्खा आहे ना? मग संग्राहक देतील त्या पैशात एक घर येईल."

"पूड केली मी."

"मग सोन्यापुरतीच किंमत. एखादी अंगठी होईल."

साहेब म्हणाले, "नमुना तपासणीत संपला, एवढंच लिहा. त्या ड्रिलवाल्याला काय कळतंय?"

तिने ते लिहिलं नाही. पाळी सुटताना ती फाटकाशी उभी राहिली आणि ड्रिलवाल्याला घडलं तसं सांगून टाकलं.

"म्हणजे माझा अंदाज बरोबर होता," तो म्हणाला.

"हो. माझा चुकला."

"बायको म्हणत होती, कपाटात ठेवा म्हणून." मणी आणि पुडी खिशात घालून तो गेला. पुढे वर्षभर तो तिच्याशी बोलला नाही.

तेव्हापासून ती प्रत्येक दगड आधी पाण्यात तोलून पाही, मग भिंगाखाली धरी, मागच्या बाजूला सुईने ओरखडा काढी. सहकारी वैतागत. वैतागू देत, असं तिचं म्हणणं.

वर्षाने ड्रिलवाला पुन्हा दारात उभा. "आधी बघा, मग कुटा."

तिने दोन दिवस घेतले. "खोटं सोनं आहे."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," म्हणत त्याने दगड उचलला आणि स्टुलावर बसून तिच्याकडे चहा मागितला.