कंप्रेसरचे काका

"मला तर काय कळंना गं," म्हणत काका डोक्यावरची टोपी मागे सरकवायचे, तेव्हा समजावं की आता मशीन दुरुस्त होणार. बाकी मिस्त्रींना बघताक्षणीच सगळं कळतं, तसले तुम्हीही पाहिले असतील. आमच्या काकांना आधी काहीच कळायचं नाही.

खालापूरला माझा गणपतीच्या मूर्ती रंगवायचा कारखाना आहे. रंग उडवायला कंप्रेसर लागतो आणि हवेचा दाब बेताचा ठेवायला त्यावर रेग्युलेटर. तो बिघडला की पितांबराचा पिवळा थेट सोंडेवर! मग मी भिवपुरीला फोन लावायची आणि काका जुन्या स्कूटरवरून यायचे.

एका वर्षी रेग्युलेटरची चावी कितीही मागे फिरवली तरी दाब उतरेना. काकांनी टाकीतली हवा सोडली, रेग्युलेटर खोलला, आतला रबराचा पडदा बदलून पुन्हा बसवला. दाबाचा काटा तिथल्या तिथे. चहा झाला. "अजून पन कळंना." मी तशी तापट. म्हटलं, "काका, चतुर्थी तुमच्यासाठी थांबणार नाय!" ते आपले शांतपणे दाभण घेऊन रेग्युलेटरच्या टोपणावरचं एक बारीक भोक कोरत बसले. आतून लालभडक चिखल निघाला. दर दसऱ्याला मशीनची पूजा करताना मीच तिथे भक्तिभावाने हळदकुंकू थापत होते, आणि जादा हवा बाहेर पडायची तीच तर वाट होती.

"अगं, पूजा कर, पन नाक कशाला बुजवतीस तिचं?" सगळा कारखाना पोट धरून हसला.

गेल्या वर्षी चतुर्थी चार दिवसांवर आली आणि दाब आपोआप चढायला लागला. निम्म्या मूर्ती रंगायच्या होत्या. काकांनी रेग्युलेटर खोलून सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडले. "मला काय कळंना गं." आम्ही हसलो. अर्ध्या तासाने पुन्हा तेच, आम्ही पुन्हा हसलो. मग त्यांनी हातातली स्प्रिंग माझ्यासमोर धरली. "ही कशाची गं?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण डोळे घाबरलेले होते. त्यांना विचारावं, की घरी कळवावं, काही म्हणजे काही सुचेना. 'कळंना' ही नुसती बोलायची सवय होती, ती खरी कधी झाली? मला अजूनही सांगता येत नाही. आणि आम्ही मेले हसत होतो.

कारागिरांना मी चहाला पिटाळलं. चारचौघांत काकांची शोभा व्हायला नको, एवढंच डोक्यात होतं. मी त्यांच्या शेजारी फतकल मारून बसले. इतकी वर्षं बघून थोडंफार ठाऊक झालं होतं. हवा अडवणाऱ्या झडपेखाली टाकीतल्या गंजाचा कण अडकला होता, तो मी पुसून काढला.

"आधी हे ना, काका?"

"हां."

"मग पडदा?"

"हां, हां."

मशीन चालू केलं. काटा दोनावर आला आणि तिथेच राहिला. काकांनी स्प्रेगन उचलून पुठ्ठ्यावर रंग उडवून पाहिला. एकसारखा, तलम बसला. चेहरा खुलला त्यांचा.

मी गुपचूप फोन केला होता, त्यांचा मुलगा रिक्षा घेऊन न्यायला आला. त्यानंतर काका आले नाहीत. आता त्यांना एकट्याला घराबाहेर सोडत नाहीत.

त्या दिवशी रिक्षात बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "कुठला मिस्त्री आनलावतास गं? हात चांगला हाय त्याचा. सोडू नको त्याला."