युद्धकैद्याचा भात

तहसील कार्यालयासमोरच्या टिनाच्या शेडखाली मी अर्जनवीस म्हणून बसतो. शिक्षण नववीत थांबले असले, तरी माझ्या हातचा अर्ज त्रुटीसाठी परत आल्याचे कोणी दाखवून द्यावे. वकील मंडळीसुद्धा आपले पक्षकार माझ्याकडे धाडतात. मात्र परक्या देशातील युद्धाविषयी लिहिण्याचा प्रसंग मुर्री गावच्या एका नवराबायकोमुळेच प्रथम आला.

त्यांच्या मुलाला एजंटाने हेल्परच्या कामासाठी म्हणून परदेशी नेले आणि तिथे वर्दी चढवून आघाडीवर पाठवण्यात आले. शत्रूने त्याला जिवंत पकडून नेले, एवढेच सोबतच्या मुलाने फोनवर कळवले. त्यानंतर काहीच नाही.

त्यांना दुपारी यायला सांगून मी मोबाईलवर जिनिव्हा करार हिंदीतून वाचू लागलो. वाचताना बसवेना. उठून चहाच्या टपरीपर्यंत गेलो, चहा न घेताच परतलो. बांधाच्या भांडणात सख्खे भाऊ एकमेकांचे काय करतात, हे मी रोज लिहितो. आणि इथे देशांनी सह्या करून मान्य केले होते, की हाती लागलेल्या शत्रूला छळायचे नाही, त्याचा तमाशा मांडायचा नाही, त्याला घरी पत्र लिहू द्यायचे.

परराष्ट्र मंत्रालयाच्या नावे अर्ज मी सर्वांगपूर्ण केला. मुलाचा शोध घ्यावा, त्याचे पत्र मिळावे, औषधोपचार व्हावा. आणि शेवटी, मृत्यू झाला असल्यास तसा दाखला व दफनाची जागा कळवावी. करारात तीही तरतूद आहे. सहीपूर्वी रिवाजाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवले.

बाईने पेन खाली ठेवला. "हे शेवटचं काऊन लिवलं, भाऊ?"

"सगळ्या शक्यता मांडाव्या लागतात, बाई."

"मंग भाताचं लिवा. त्याले भातच लागते. पोळीनं पोट दुखते त्याचं."

नवरा वैतागला. "तिकडं बरफ पडते. बरफात का तुया बाप धान लावते?"

"तुमी चूप राहा. मी भाऊले सांगून राहिली."

"मंत्रालयाच्या अर्जात भात येत नसतो," मी बजावले.

"मेल्याचं येते अन् भाताचं येत नाई?"

तिची समजूत पटावी म्हणून मी करार पुन्हा उघडला. कैद्यांना अन्न देताना त्यांच्या नेहमीच्या आहाराचा विचार करावा, असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. मघाशी ते माझ्या नजरेतून सुटले होते. मी वाचून दाखवले. तिला नवल वाटले नाही.

"असंलच ना. लिवणाऱ्यालेबी माय असंल."

नव्या कागदावर भात लिहिला. मृत्यूचा मुद्दा तिने राहू दिला नाही. मी पुष्कळ समजावले. तिने पेन उचलला नाही. अखेर तो गाळला, तेव्हाच सही झाली. अपूर्ण अर्ज माझ्या हातून असा कधी गेला नव्हता. तेव्हापासून मनाला स्वस्थता नाही. मुलगा हयात नसेल, तर ते कळवावे असे कोणी मागितलेलेच नाही.

बाई बाजाराच्या दिवशी येते. "भाताचं काई कळलं?" विचारते. "कार्यवाही सुरू आहे," मी सांगतो.

परवा नवरा एकटाच आला.

"ते दुसरं विचाराचं राहिलंच ना, भाऊ?"

"राहिलं. आता लिहू का?"

त्याने पायाशी ठेवलेली पिशवी उचलली. "राहू द्या," म्हणाला.

मी दुसऱ्या पक्षकाराचे कागद पुढे ओढले. तो टेबलाशी उभाच होता.