खिडकी कोणत्या अंगाला?

किस्से कोणी जमवत नाही, ते आपोआप साचतात. मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या बैठका, पाण्याचे मोर्चे आणि कापूस खरेदीतले घोळ लिहिले. त्या बातम्यांची कात्रणं फायलीत लावून ठेवली. आज त्यातलं एकही धड आठवत नाही! आठवतं ते सगळं वर्ध्याच्या बस स्टँडमागच्या बोळातलं. तिथं पहिल्या मजल्यावर नाना ढगेंचा फोटो स्टुडिओ होता. सत्तर-ऐंशीच्या दशकात मी रोज दुपारी, कोणाशी तरी भांडून आल्यावर, तिथल्या बाकावर बसायचो.

नानांची एक गोष्ट आधीच सांगतो. ते एकच दिवा लावत. पाचशे वॉटचा बल्ब, तेलाचा डबा कापून केलेलं त्याचं टोपडं, पुढे बटर पेपर. अर्ध्या चेहऱ्यावर उजेड, अर्ध्यावर सावली. दोन दिवे लावा म्हटलं की नाना भडकत. "सावली नसन तर नाक कुठून आनू?"

आणि दिवा कोणत्या बाजूला ठेवायचा, हे ते गिऱ्हाइकाला विचारून ठरवत. फोटो ज्या भिंतीवर लागणार तिथं खिडकीचा उजेड ज्या अंगानं येतो, त्याच अंगानं फोटोतही यायला हवा. "मंग मानूस भिंतीवर नाई, घरातच बसून हाय असा वाटते."

* * *

सेलूचा एक शेतकरी नवीन सदरा घालून आला. स्टुलावर बसला. नाना काळ्या कापडाखाली शिरले आणि आतून आवाज आला, "घरी खिडकी कोन्या अंगाला हाय?"

"काऊन?"

"उजव्या का डाव्या?"

गडी ताडकन उठला. "अन् कडी लागते का नाई तेबी सांगू काय? मी फोटो काढाले आलो का घर फोडाचा नकाशा द्याले?"

अर्धा तास लागला समजूत घालायला. फोटो झाला, फ्रेम झाली, स्वारी खूश होऊन गेली. सहा महिन्यांनी तोच माणूस फ्रेम काखोटीला मारून जिना चढला. चेहरा पडलेला.

"नाना, बायकोनं खिडकी बुजवली. दुसऱ्या अंगाले पाडली. आता हा फोटो फिरवून द्या!"

* * *

गिऱ्हाईक स्टुलावर बसायच्या आधी दिवा जमवायला नानांना एक चेहरा लागे. तो माझा. "बस बे वसंता" म्हटलं की बसायचं. असं मी किती वर्षं बसलो असेन!

एकदा मी विचारलं, "नाना, बोळात एवढी माणसं हिंडतात. मीच का?"

"तुहं नाक मधात नाई. थोडं डाव्या अंगाले गेलं. तुह्यावर लाइट बसला का मंग कोनावरबी बसते."

मी पदवीधर माणूस. कलेक्टरला उभं करून प्रश्न विचारणारा! चार दिवस तिकडे फिरकलो नाही. पाचव्या दिवशी नानांचा निरोप आला. "राग सोड. तू नाईस तं लोकाइचे फोटो बिघडून राह्यले."

* * *

एका मुलीचा स्थळासाठी फोटो काढला. हिंगणघाटची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची. नानांनी नेहमीप्रमाणे अर्धा चेहरा सावलीत ठेवला. फोटो वडनेरला मुलाच्या घरी गेला आणि आठ दिवसांनी मुलाचे मामा स्टुडिओत हजर.

"या फोटोत पोरीची एकच बाजू दिसते."

"मंग?"

"दुसऱ्या बाजूले काय हाय?"

मी बाकावरून उठलो. पोरगी आहे की बाजारातलं जनावर, असं काहीतरी मोठ्या आवाजात म्हणालो. नानांनी मला हातानंच खाली बसवलं. "मामाजी, दुसरी बाजू तिच्या घरी हाय. जा, पोहे खा, पाहून या."

मामा गेले, मुलगाही गेला. पुढचं मुलीच्या वडिलांनीच येऊन सांगितलं. पाहुण्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या, दोन्ही पसंत पडल्या. तेव्हा मुलीनं पदराआडून मुलाचा फोटो बाहेर काढला. तोही नानांनीच काढलेला, काळ्या टोपीतला.

"मी दोन्ही बाजू दाखवल्या," ती म्हणाली. "आता यायनं टोपी काढावी!"

मुलानं टोपी काढली. खाली विशेष काही नव्हतं. पोरगी हसली म्हणे, आणि लग्न ठरलं.

* * *

वीज जाणं हे आमच्याकडे रोजचंच. मग नाना गिऱ्हाइकाला खालच्या बोळात स्टूल टाकून बसवत आणि कोणाला तरी पांढरं धोतर पसरून धरायला लावत. धोतरावरून उजेड उसळला की चेहरा मऊ होतो.

एका हवालदाराला निवृत्तीचा फोटो हवा होता. वेळ मिळेना म्हणून कोर्टातून परत नेताना एका आरोपीसकट आला! नेमकी वीज गेलेली. धोतर धरायला मी होतो, पण दुसरं टोक कोण धरणार? नानांनी आरोपीकडे बोट दाखवलं.

"याले सोडू?" हवालदार दचकला. "पळून जाईन ना!"

आरोपी म्हणाला, "साहेब, पहिले तुमचा फोटो तं होऊ द्या."

बेडी निघाली. गडी धोतर धरून उभा राहिला आणि दोन मिनिटांत नानांच्या वरचढ झाला. "साहेब, हनुवटी वर करा. पोट आत घ्या. हसू नका, ड्युटीवर हाय तुम्ही!"

फोटो झाला. त्यानं धोतराची व्यवस्थित घडी घातली, नानांच्या हातात दिली आणि दोन्ही मनगटं हवालदारापुढे धरली. "चला. पन एक कॉपी मलेबी पाठवजा."

* * *

नानांचा दुसरा हट्ट म्हणजे निगेटिव्ह. फोटो गिऱ्हाइकाचा, निगेटिव्ह स्टुडिओची. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत त्यांनी सगळ्या निगेटिव्ह जपल्या होत्या. एकही कधी कोणाला दिली नाही, एकही फेकली नाही.

आमच्याकडच्या एका पुढाऱ्यानं पक्ष बदलला. त्याचा एक जुना फोटो नानांनी काढलेला होता. ज्याला आता तो रोज शिव्या घालत होता, त्याच्याच गळ्यात हात! निगेटिव्ह द्या, असा निरोप आला. नानांनी नाही म्हटलं. मी संतापून दोन कॉलम लिहिले. संपादकांनी त्याच्या दोन ओळी केल्या, त्याही हवामानाच्या खाली!

मग चार दांडगे कार्यकर्ते जिना चढून आले. मी बाह्या सरसावल्या. नाना शांतपणे म्हणाले, "डबे तिथं हायेत. शोधा."

चौघं बसले. एकेक निगेटिव्ह दिव्यासमोर धरून पाहू लागले. तासाभरानं त्यांतला सगळ्यात दांडगा एकदम ओरडला, "अबे, हा तं माह्या मायचा फोटो! घरचा पुरात गेला होता."

पुढाऱ्याचं नाव पुन्हा निघालं नाही. चौघंही आपापल्या घरच्यांच्या कॉप्या सांगून, नानांच्या पाया पडून गेले.

* * *

आता बापूंची गोष्ट. देवळीकडच्या एका खेड्यातले गोविंदराव, त्यांना सगळे बापू म्हणत. सत्तरी उलटलेली. एका दिवाळीनंतर आले आणि म्हणाले, "मी गेल्यावर भिंतीवर लावाचा फोटो पायजे. वर हाराले जागा ठेवजो."

नानांनी विचारलं, "खिडकी कोन्या अंगाला?"

बापूंनी आपला डावा हात पाहिला, उजवा पाहिला. मग म्हणाले, "थोरल्याच्या अर्ध्यात डाव्या. धाकल्याच्या अर्ध्यात उजव्या."

घर अजून एकच होतं. पण बापूंच्या दोघा मुलांचं आपसातलं बोलणं बंद झालेलं आणि मधल्या खोलीत चुन्याची रेघ मारून झालेली. रेघेवर भिंत उठायची होती.

"मंग तुम्ही कोनाच्या अर्ध्यात लागनार?"

"त्याचाच तं निकाल नाई लागून राह्यला," बापू म्हणाले, चहा प्यायले आणि फोटो न काढताच गेले.

दुसऱ्या दिवाळीनंतर आले, तसेच गेले. तिसऱ्याही. मी चिडून म्हणालो, "नाना, लावा दोन दिवे आणि मोकळं करा म्हाताऱ्याला!" नाना माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत.

चौथ्या वर्षी बापूंना जिना चढवेना. दर पायरीला खोकला. नाना म्हणाले, "बापू, पुढच्या सोमवारी दोघाइले घेऊन या. दोघं एका तोंडानं सांगतीन तवाच काढतो."

आले. थोरला बापूंबरोबर बसनं, धाकटा सायकलनं. बाकाच्या दोन टोकांना दोघं, मधे मी.

"खिडकी कोन्या अंगाला?"

"डाव्या," थोरला म्हणाला.

"उजव्या," धाकटा म्हणाला.

थोरल्यानं उठून दिव्याचा स्टँड धरला आणि डावीकडे ओढला. धाकट्यानं धावत येऊन उजवीकडे ओढला. टोपडं खडखडलं. दोघंही घामेघूम, कोणी सोडेना. आणि दिवा बरोबर बापूंच्या समोर, मधोमध अडकला. चेहऱ्यावरची सावली गेली!

बापूंना हसू फुटलं. "लहानपनी माह्या अंगातली बंडी अशीच ओढत होते हे दोघं!"

आणि नानांनी फोटो घेतला. त्यांच्या आयुष्यातला पहिला बिनसावलीचा फोटो.

"किती कॉप्या?"

"दोन," दोघं भाऊ एकदम म्हणाले.

"एक," बापू म्हणाले. "दोन काढल्या का भिंत उभी राह्यली."

पुढच्या सोमवारी तिघं परत आले. नानांनी फ्रेम बाहेर काढली आणि मी पाहतच राहिलो. निम्म्या दाराएवढी फ्रेम, जाड काच! मग नानांनी खिशातून बापूंची निगेटिव्ह काढली, टेबलावरची कात्री उचलली आणि सगळ्यांसमोर निगेटिव्हचे चार तुकडे केले.

मी ओरडलो, "नाना!"

"बस बे," नाना म्हणाले.

ती फ्रेम एकट्याला उचलवत नव्हती. थोरल्यानं एक टोक धरलं, धाकट्यानं दुसरं. सायकल नानांच्या जिन्याखालीच राहिली. बोळातून वाट करत मी पुढे, मागे फ्रेम, त्यामागे खोकत बापू, असे आम्ही देवळीच्या बसपर्यंत गेलो. बसमध्ये ती कुठं ठेवताही येईना. भाऊ समोरासमोरच्या सीटवर बसले, मधल्या वाटेत फ्रेम उभी धरून.

बस सुटायची होती, मी खाली खिडकीशी उभा. कंडक्टर आला. "तिकीट!"

"तू काढ, मी धरतो," थोरला म्हणाला. चार वर्षांत भावाशी बोललेला पहिला शब्द.

"तू काढ," धाकटा म्हणाला. "मी नाई सोडत."

"अबे, काच फुटन!"

"मंग तू नोको सोडू!"

कंडक्टर कंटाळला. "कोन काढते तिकीट?"

मागच्या सीटवर बापूंनी कमरेची पिशवी सोडली. "तिघाइचं मी काढतो," ते म्हणाले. "यायचे हात गुंतले हायेत."