घडीच्या चाकूची पारख

गल्लीत सगळे त्यांना चाकूवाले काका म्हणत. दुकान एवढंसं, दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. पण महागड्या घडीच्या चाकूंचे शौकीन लांबून येत, नवी वस्तू त्यांच्या हातात ठेवत आणि निकालाची वाट बघत. काका कुणाची भीडभाड ठेवत नसत. चाकू बघून झाल्यावर "डबी छान आहे," एवढंच एकाला ऐकवलं होतं.

हीच जीभ धाकट्या भावाला लागली. तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला. अकरा वर्षांपूर्वी त्यानं स्वतः घडवलेला पहिला चाकू मोठ्या उमेदीनं दाखवला, तेव्हा चार गिऱ्हाइकांदेखत काका म्हणाले, "लोणी लावायला ठेव." धाकट्यानं चाकू उचलून खिशात घातला. महिन्याभरात बायको आणि शाळकरी मुलीला घेऊन गाव सोडून गेला. पत्र लिहायचं काकांनी कितीदा तरी मनावर घेतलं आणि राहून गेलं.

एका दुपारी एक तरुण मुलगी आली. रुमालात गुंडाळलेला चाकू तिनं समोर ठेवला. "याची पारख करून हवी होती. खरं खरं सांगा."

काकांनी चष्मा चढवला. अंगठ्यानं पातं उघडलं, मिटलं, परत उघडलं. धरून हलवून पाहिलं; तसूभर हललं नाही. मिटल्यावर ते मुठीच्या बरोबर मधोमध बसत होतं. कागदावर धार टेकवली, तर कागद आवाज न करता दुभंगला.

"कारखान्यातला नाही हा, हातानं घडवलाय," काका म्हणाले. "इतकं अलगद उघडणारं पातं मला जन्मात जमलं नाही. खोट एकच. खिशाला अडकवायच्या क्लिपचा हा स्क्रू तिरका गेलाय. एवढं निगुतीनं करून शेवटी घाई कशाला केली?"

"घाई नव्हती. बाबांचा हात थरथरायला लागला होता. मी बसवते म्हटलं, तर देईनात."

काकांनी मान वर केली. जिवणी थेट धाकट्याची.

"कुठंय तो?"

"गेले. तीन आठवडे झाले." ती खाली बघत म्हणाली, "'दादाला दाखव, पण माझं नाव आधी सांगू नकोस, नाहीतर तो खरं बोलणार नाही,' असं म्हणाले होते."

काका स्टुलावर बसले.

"आजारी होता, तर कळवायचं नाही का गं?"

"आई फोन लावायची. बाबा म्हणायचे, आधी चाकू होऊ दे."

"हा स्क्रू सरळ करून देऊ?" काकांनी विचारलं.

"नको. राहू दे तसाच."

दुकानाचं दार ओढून घेऊन काका तिच्यासोबत निघाले. दोन तासांच्या बसप्रवासात चाकू त्यांच्या मुठीतच होता. भावजयीनं दार उघडलं. उंबऱ्याबाहेरूनच काका म्हणाले, "माझ्यापेक्षा सरस केलाय त्यानं."

"हे त्यांना सांगायला हवं होतं, दादा," ती म्हणाली, आणि त्यांना आत यायला बाजूला सरली.