शिर्केकाकांचा उतार

शिर्केकाकांनी पहिल्या भेटीतच माझ्यावर आवाज चढवला. अकोट्याला नदीच्या बाजूला त्यांचा बंगला, आणि बंगल्यामागे पार विश्वामित्रीच्या पात्रापर्यंत उतरत गेलेली बाग. रविवारी सकाळी ती सगळ्यांसाठी खुली असे. सुभानपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवर उन्हाळ्यात एक रोप जगत नव्हतं, आणि इथे म्हणे भर मे महिन्यात नळाचं पाणी न घालता झाडं हिरवी राहतात. म्हणून मी बघायला गेले आणि अगदी खाली, वाळ्याच्या गवतापाशी बसून राहिले. पलीकडच्या काठावर एक मगर ऊन खात पडली होती. तेवढ्यात काठी टेकत, धापा टाकत एक सत्तरीचे गृहस्थ उतरून आले.

"अहो बेन, एकवीस माणसं आत आली आणि वीस बाहेर गेली! वर मी काय समजायचं?"

बाग अकराला बंद होई. अकरा वाजून पाचच मिनिटं झाली होती. मी माफी मागितली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते माझ्यामागच्या मोकळ्या जागेकडे बघत होते.

तरीही मी पुन्हा गेले. मग जातच राहिले, आणि वर्षभरात लोकांना बाग दाखवायचं काम माझ्याकडे आलं. काकांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. काका स्वतः इंजिनियर, पण बोलणं तसं फौजीच. उतारावर त्यांनी आडवे चर खणले होते, दगडांचे बुटके बांध घातले होते. बांबू, करंज, खैर, अडुळसा. नाजूक असं एकही झाड नव्हतं. कुणी गुलाबाबद्दल विचारलं की म्हणत, "फूल बघायला बाजारात जा. इथे मुळं बघा." पाण्याबद्दल बोलताना मात्र आवाज मऊ होई. "पाण्याला अडवायचं नाही. पाहुण्यासारखं बसवायचं. उभ्या उभ्या निघालं, की जाताना घर घेऊन जातं."

पावसाळ्यात ते रात्रंदिवस व्हरांड्यात बसून असत. सर आली की बोलता बोलता थांबत आणि कान देऊन ऐकत. काय ऐकताय, असं विचारायची मला हिंमत झाली नाही.

एकदा चहा गाळताना काकूंनीच सांगितलं. "पूर्वी हा सगळा उतार झाडीनं भरलेला होता. ह्यांना व्हरांड्यातून नदी दिसायला हवी होती. झाडी तोडून हिरवळ लावली. खाली, आता बांबूचं बेट आहे तिथे, माळ्याची खोली होती. तिसऱ्या पावसाळ्यात उतार खचायला लागला, तसं ह्यांनी सगळ्यांना वर बोलावलं. मदतीला आलेल्या माणसांना सांगितलं, सगळे वर आलेत. पण माळ्याची बायको, सविता, शिवणयंत्र आणायला परत गेली होती. खोलीसकट तीही नदीत गेली. मोजण्यात एकाची चूक झाली गं."

तेव्हापासून ते माणसं मोजत होते. माळी आपल्या लहान मुलीला घेऊन गावी निघून गेला, आणि काकांनी दुसऱ्याच आठवड्यात हिरवळ उपटायला घेतली.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी तिशीची एक बाई एकटीच आली. तिनं झाडांकडे पाहिलंच नाही. मला म्हणाली, "ओरडी क्यां हती? खाली राहायची खोली?" मी काही बोलायच्या आत काका खुर्चीतून उठले.

"हंसा," ते म्हणाले.

ती माळ्याची मुलगी होती. रडली नाही, ओरडली नाही. पंचवीस वर्षं जपून ठेवलेलं एकच वाक्य तिनं विचारलं, "काका, तुम्ही का सांगितलं, सगळे वर आलेत म्हणून?"

काकू दारात उभ्या होत्या. त्या पटकन म्हणाल्या, "मोजण्यात चूक झाली बेटा, त्या गडबडीत..."

"चूक नाही झाली," काका म्हणाले. "मी मोजलंच नव्हतं. इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो, मोजलं आणि चुकलं. मदतीला आलेल्या एकानं विचारलं, सगळे आले? मी उताराकडे बघत होतो. माझी हिरवळ चालली होती. मी म्हटलं, हो, आले."

काकूंनी पदर तोंडाला लावला.  हंसा एकटीच खाली उतरली आणि बांबूच्या बेटापाशी बसली. अकरा वाजून गेले, साडेअकरा झाले. काकांनी हाक मारली नाही. ती वर आली तेव्हा ते फाटकाशी उन्हात उभे होते. ती फाटकाबाहेर निघून गेली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात नदी फार चढली. दोन दिवस मला घराबाहेर पडता आलं नाही. तिसऱ्या दिवशी पोचले तर शेजाऱ्यांची कुंपणं, पायऱ्या, सगळं नदीत गेलेलं. काकांचा उतार मात्र जागच्या जागी होता. वाळ्याचं गवत चिखलानं माखून आडवं पडलं होतं, पण एक दगड हलला नव्हता. माणसं येऊन काकांचं अभिनंदन करत होती. कुणी तर पेढे आणले होते.

गर्दी गेल्यावर मीही म्हटलं, "काका, टिकला की उतार!"

"टिकला," ते म्हणाले. चेहऱ्यावर आनंदाचा लवलेश नव्हता. "म्हणजे ती झाडी असती तर तेव्हाही टिकला असता. इतके दिवस मला वाटायचं, कदाचित नसता टिकला."

मग ते बागेत उतरले नाहीत. दिवाळीआधी, दुपारी झोपेतच गेले.

तेराव्याला हंसा आली. काकूंना भेटली आणि जाताना व्हरांड्यात माझ्यापाशी थांबली. विचारलं, शेवटी काही बोलले का? मी म्हटलं, उतार टिकला म्हणाले.

"एटलुं ज? एवढंच?"

तिथेच थांबावं असं फार वाटलं. पण त्या घरात एक सोयीचं वाक्य पंचवीस वर्षं नांदलं होतं. मी तिला उरलेलंही सांगितलं.

तिनं खालच्या बांबूंकडे पाहिलं, चपला पायात सरकवल्या आणि शांतपणे म्हणाली, "हां. टिकला असता."